अंगावरचे क्रियापद

सदरा घालावा, धोतर नेसावे, शाल पांघरावी, फेटा बांधावा, गजरा माळावा आणि बांगड्या भराव्यात, हा वस्त्राभरणांचा तपशील आजीच्या तोंडून आत्मसात केलेल्या मला, इंग्रजीत या साऱ्यांचा कारभार ‘वेअर’ हे एकटे क्रियापद पाहते असे शाळेत समजले, तेव्हा ती राज्यकर्त्यांची भाषा फार दरिद्री वाटली. पुढे कचेरीत चिकटल्यावर जमाखर्चाच्या वहीत, टेबलखुर्च्यांची झीज दाखविणाऱ्या रकान्यात, तेच क्रियापद पुन्हा भेटले. आणि जे वापराने विरते त्याला ‘वेअर’ म्हणावे, तसेच वर्षानुवर्षे टिकणाऱ्या कापडाच्या प्रशंसेतही ‘वेअर’च योजावे, हा विरोधाभास पाहून दारिद्र्याचा आरोप मी मुकाट्याने मागे घेतला.

‘वेअर’ची खरी उलटतपासणी मात्र पेकिंगला झाली. तेथे चिनी प्रौढांना इंग्रजी शिकविताना ध्यानात आले की, त्यांच्या भाषेत कपडे नि पादत्राणे यांना ‘च्वान’ आणि टोपी, चष्मा, घड्याळ, दागिने यांना ‘दाय’ अशी सरळ वाटणी आहे. ‘च्वान’चा एक अर्थ आरपार जाणे, सुईत दोरा ओवण्यासही हेच क्रियापद चालते. परंतु ते घालण्याची क्रिया आणि घातलेले असण्याची स्थिती या दोहोंना पुरते, त्यामुळे थंडीच्या दिवसांत वर्ग सुटला की एखादा विद्यार्थी बाहीत हात घालता घालता, ‘थांबा, मी कोट वेअर करतो आहे’ असे बिनदिक्कत सांगे. क्रियेसाठी इंग्रजीत ‘पुट ऑन’ निराळे, हे पटविण्यात माझे कित्येक तास खर्ची पडले. इंग्रज दाढीदेखील ‘वेअर’ करतो, हे ऐकून तर वर्ग खो खो हसला. कारण दाढी चिनी माणूसही आपल्यासारखीच ठेवतो. झिजण्याचा आणि टिकण्याचा अर्थ मात्र त्यांनी चटकन उचलला, कारण वापरून फाटलेल्या जोड्याला ‘च्वान-फो’ आणि टिकाऊ वस्त्राला ‘नाय-च्वान’ म्हणण्याचा त्यांचा परिपाठच आहे. टोपीच्या बाबतीत आमचे जमले नाही: आपण टोपी घालतो ती फसविण्यासाठी, ते उंच टोपी चढवितात ती खुशामतीसाठी!

मग एके दिवशी मीच विचारले, पायमोज्यांना ‘च्वान’ आणि हातमोज्यांना ‘दाय’, हा भेद कशासाठी? बोटे तर दोन्हीकडे आतच जातात. वर्ग एकमेकांकडे पाहू लागला, आणि अखेर मागच्या बाकावरील एका वयस्क गृहस्थांनी निकाल दिला, ‘शिरस्ता आहे.’ दाढीच्या प्रश्नावर मी त्यांना नेमके हेच उत्तर दिले होते.