कुंथलगिरीची परतवाट

कुलभूषण-देशभूषण मुनींच्या निर्वाणभूमीस, कुंथलगिरीस, निघालेल्या सोलापूरकरांची गाडी दिवसभर पायथ्याशी उन्हात उभी असते. येथला उन्हाळा ४० अंशांपलीकडचा. त्यात बॅटरीतील पाणी आटते. परतताना चावी फिरवावी, तर नुसती टकटक! सूर्यास्तापूर्वी घर गाठले नाही, तर व्रतस्थ वडीलधाऱ्यांची रात्र उपाशी. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारणाऱ्या वालचंद हिराचंदांच्या गावची माणसे अशा वेळी आधी धक्काच मारू लागतात, हे नवल. प्रथम दिवे पाहावेत. मंदावले, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. तेथला पांढरा-हिरवट थर साफ करावा. दिवे प्रखर, पण स्टार्टर मुका, तर दोष बहुधा स्टार्टरचा वा रिलेचा. इंजिन जोमाने फिरूनही चालू होत नसल्यास बॅटरीला बोल लावू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी मीटर लावावा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते.