पायऱ्या उतरून जायचं गाव

रूपाभवानीच्या देवळापुढं नारळ फोडून आम्ही निघालो तेव्हा सोलापुरात दिवे लागले होते. मी, चुलतभाऊ, वहिनी आणि तिची धाकटी जाऊ. समोर तुळजाभवानीच्या तुळजापूरचा रस्ता, 45 किलोमीटर, आणि सगळा माणसांनी भरलेला. कोजागिरीच्या आधी हा रस्ता मोठ्या वाहनांसाठी बंद ठेवतात, वाहतूक दुसरीकडून वळवतात. एरवी ट्रकच्या आवाजानं थरथरणारा महामार्ग त्या रात्री फक्त पावलांचा असतो. सोलापूरचे, अक्कलकोटचे, कलबुर्गीचे, विजयपूरचे, तेलंगणातले. कुणी अनवाणी, कुणाच्या डोक्यावर परडी, कुणाच्या खांद्यावर झोपलेलं पोर. मधूनच एखादा घोळका "आई राजा उदो उदो" म्हणतो आणि मैलभर त्याचे पडसाद उमटत जातात.

हे 2025 साल. ऐन नवरात्रात सीना नदीनं परंड्याची, माढ्याची शेतं धुऊन नेली होती. हिप्परग्याच्या तलावाशी आलो तर पाणी काठोकाठ, त्यावर चांदणं. आमच्या पुढं चालणारा एक शेतकरी तिथं थांबला आणि पाण्याकडं बघत म्हणाला, "सोयाबीन गेलं, माती बी गेली. आईला तेवढं सांगून येतो." नवस फेडायला नव्हे, सांगायला निघाला होता तो.

तामलवाडीच्या पुढं गावोगावच्या लोकांनी मंडप घातले होते. चहा, केळी, खिचडी, गरम पाण्यात पाय बुडवायला पातेली. सांगवीत एका शाळकरी मुलानं माझ्या पायाला न विचारता तेल चोळलं. कुणी बोलावलेलं नसतं, कुणी पैसे मागत नाही. अशा रात्रीचा आराखडा कोणत्याही कचेरीत तयार झालेला नाही. तो शेकडो वर्षं चालता चालता ठरलेला आहे, आणि अजून मोडलेला नाही.

माळुंब्र्याच्या पुढं घाट लागतो. उजाडलं होतं. बालाघाटाचा कडा चौपदरी रस्त्यासाठी कापलेला आहे, काळ्या खडकाच्या उभ्या भिंती दोन्ही बाजूंना. माझ्या लहानपणीचा घाट अरुंद होता, एसटी वळणावर थांबून श्वास घ्यायची. नवा रस्ता सोयीचा आहे, मला त्याची तक्रार नाही. पण घाट चढताना एक गोष्ट पायांना कळते, ती गाडीत कळत नाही. आपण डोंगराच्या माथ्याकडं चढत असतो, आणि देवी मात्र वर नसते. तुळजापुरात पोचल्यावर महाद्वारातून पुन्हा खाली उतरायचं. पायऱ्या उतरत, कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, मग निंबाळकर दरवाजा, मग आईचं अंगण. बहुतेक डोंगरी देवळं माथ्यावर असतात. ही आई उतारावर, दरीच्या कुशीत बसली आहे. सगळं गाव तिच्या भोवतीच्या चढउतारावर वसलं, आणि गावावर पडलेलं पाणी तिच्याकडं उतरतं. तुळजापुरात काय बांधावं, किती बांधावं आणि कुठं बांधावं हे सांगणारी पहिली गोष्ट हा उतार आहे.

दुपारी आमच्या पुजाऱ्यांच्या घरी पोचलो. तुळजापुरात ज्याला त्याला आपला पुजारी असतो, गावावरून आणि घराण्यावरून ठरलेला. माझे आजोबा ज्या घरी उतरायचे त्याच घरी मी उतरतो. "पायाला फोड आले का? आधी जेवून घ्या," काकूंनी दारातच विचारलं. ओसरीवर आमच्याआधी लातूरकडची दोन कुटुंबं टेकलेली होती. मागच्या अंगणात पुरणाचा नैवेद्य शिजत होता. काकांनी वही काढली, आजोबांच्या हातची सही दाखवली. ही वही, ही ओसरी, ही मागची चूल म्हणजेही तीर्थक्षेत्रच. कुळाचाराचा अर्धा भाग देवळात होतो, अर्धा या घरांत. विकास आराखड्याच्या नकाशावर मात्र ती 'मंदिर परिसरातील दाट वस्ती' म्हणून दिसतात.

6 मे 2025 रोजी चौंडीत राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. अहिल्यादेवी होळकरांचं ते जन्मगाव, त्यांच्या त्रिशताब्दीचं वर्ष. त्या बैठकीत देवस्थानांच्या विकासाचे 5,503 कोटी रुपयांचे आराखडे मंजूर झाले. अष्टविनायक, जोतिबा, त्र्यंबकेश्वर, कोल्हापूरची महालक्ष्मी, माहूर, खुद्द चौंडीतलं स्मारक, आणि सर्वांत मोठा वाटा तुळजापूरचा, 1,865 कोटी. त्या रकमेकडं मी आनंदानंच पाहिलं होतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाच्या वाट्याला एवढा पैसा कधी आला? सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा 84 किलोमीटरचा लोहमार्ग होतो आहे. कृष्णेचं पाणी रामदरा तलावात आणायची योजना आहे. नागपूर ते गोवा, मूळ आखणीनुसार 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूरला जोडणार म्हणतात, त्यासाठी ज्यांच्या जमिनी जाणार ते शेतकरी ठिकठिकाणी विरोधात उभे आहेत. चहूबाजूंनी तुळजापूरकडं रस्ते धावत येताहेत. या सगळ्यांतून येणारा माणूस शेवटी त्याच अरुंद गल्लीत आणि त्याच पायऱ्यांवर उतरणार आहे.

संध्याकाळी मी एकटाच गावातून फिरलो. देवी त्या दिवशी सिंहासनावर नव्हती. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन करून ती पलंगावर निजते आणि पौर्णिमेच्या पहाटे पुन्हा सिंहासनावर येते. नऊ दिवसांच्या युद्धानंतरची ही श्रमनिद्रा. सीमोल्लंघनाची पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरची, पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाकडून निघालेला. ही मूर्ती चल आहे, वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उठते. भारतीबुवांच्या मठात तर ती रात्री सारीपाट खेळायला जाते अशी श्रद्धा आहे. मठाशी मी बराच वेळ उभा राहिलो. देवी स्वतः गावात ये-जा करते असं जिथं लोक मानतात, तिथं देऊळ कुठं संपतं आणि गाव कुठं सुरू होतं? रेघ ओढणाऱ्यानं आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

गल्लीच्या तोंडाशी कवड्यांच्या माळा, हळदकुंकवाचे ढीग, परड्या विकणारी एक आज्जी बसली होती. दुकान कसलं, पोत्यावर मांडलेला पसारा. "रस्ता मोठा होणार म्हणतात," मी म्हणालो. ती म्हणाली, "होऊ द्या की. पर मला कुठं बसवणार ते सांगा ना कुणी. पन्नास वर्सं हितंच बसते मी."

तिच्या प्रश्नानं मला माझी मावशी आठवली. ती लोहारा तालुक्यातली, याच धाराशिव जिल्ह्यातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात तिचं गाव गेलं. किल्लारीच्या परिसरातली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. सरकारनं मनापासून काम केलं, घरं भक्कम बांधली. पण घर किती मोठं मिळणार हे कोणाकडं किती जमीन आहे यावर ठरलं: 250, 400 किंवा 750 चौरस फूट. ओळीत चौरस प्लॉट, मध्ये शहरासारखे रुंद रस्ते. मावशीची शेजारीण अर्धा मैल लांब गेली. संध्याकाळी ओट्यावर बसायचं तर ओटाच नव्हता. "रस्ता इतका रुंद, की पलीकडच्या बाईला हाक ऐकू जात नाही," असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. त्यानंतर तीस वर्षं झाली. या जिल्ह्यानं एकदा हे भोगलं आहे. नकाशा सुंदर असतो आणि माणसं त्यात हरवतात, हे धाराशिवला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

तसंच काहीही न करणं हेही उत्तर नाही, हे मला मांढरदेवी विसरू देत नाही. 25 जानेवारी 2005, वाईजवळ काळूबाईची यात्रा. अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुकानांना लागलेली आग. तीनशेच्या आसपास भाविक चेंगरून, होरपळून गेले. पौर्णिमेला तुळजापूरच्या पायऱ्यांवर माझ्या पाठीला पाठ लावून उभी असलेली बाळंतीण, काठी टेकणारे म्हातारे पाहिले की छातीत धडधडतं. स्वच्छतागृहापुढं बायकांची रांग दर्शनाच्या रांगेएवढी होती. वहिनीनं पहाटेपासून पाणी प्यायचं टाळलं होतं, कारण नंतर जायचं कुठं? विकास हवा तो इथं हवा आहे.

म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी सांडपाणी, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं, उताराच्या पाण्याला वाट, दुसरा बाहेर पडायचा रस्ता, गर्दी मोजून सोडायची शिस्त. मोटारी गावाबाहेरच थांबाव्यात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी लहान गाड्या असाव्यात. हे सगळं झाल्यावर उरलेल्या पैशात शोभा. आपल्याकडं उलटं होतं. भवानी आणि छत्रपतींच्या 108 फुटी शिल्पाची घोषणा आधी होते, देवीचे हात किती असावेत यावर वाद रंगतो, आणि नाली तशीच राहते. छत्रपतींना आणि भवानीला शिल्पात पाहायला कुणाला आवडणार नाही? पण आज्जीच्या पोत्याखालून वाहणारं पाणी आधी बंद व्हावं.

देवळाच्या आतही अशीच काळजी हवी. जतनाचं काम सुरू असताना गाभाऱ्याच्या दगडांना तडे गेल्याचं समोर आलं, आणि शिखर उतरवून पुन्हा उभारावं का यावर 2025 मध्ये गावात आणि विधिमंडळातल्या नेत्यांत वाद पेटला. मला दगडातलं कळत नाही, एवढं कळतं की एकदा उतरवलेला दगड पुन्हा त्याच जागी बसत नाही. म्हणून जे काही ठरेल ते पुरातत्त्वाच्या जाणकारांच्या लेखी अहवालावर ठरावं, तो अहवाल मराठीत असावा आणि महाद्वारापाशी सगळ्यांना वाचता यावा असा लावावा. मंदिर संस्थानचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. देवळाचं आणि जिल्ह्याचं काम एकाच टेबलावर असताना एवढं करणं अवघड नाही.

काशीचा दाखला आता प्रत्येक आराखड्यात येतो. तिथला विश्वनाथ धाम 13 डिसेंबर 2021 रोजी खुला झाला. त्यासाठी तीनशेहून अधिक घरं, दुकानं विकत घेऊन पाडली गेली, आणि भिंती उतरवताना घरांच्या पोटात लपलेली छोटी छोटी देवळं सापडली. लोक हे नवल म्हणून सांगतात. मला ते वाचताना रुखरुख लागली. देवळं घरांत होती म्हणजे घरांनीच ती जपली होती. पंढरपुरातही कॉरिडॉरचं नाव निघताच रहिवासी, व्यापारी रस्त्यावर आले. तुळजापुरात पुजाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हरकती आहेत. त्यात पोटाचा प्रश्न आहे, हे खरं. पोटाचा प्रश्न असणं हा गुन्हा नाही. गोंधळी, आराधी, पोत नाचवणारे, पुरण शिजवून देणाऱ्या बायका, फुलवाले, हे सगळे पोटासाठीच इथं आहेत आणि यांच्याशिवाय कुळाचार होत नाही. संबळ वाजवणाऱ्याला गावाबाहेरच्या संकुलात गाळा दिला तर तो आईच्या अंगणात गोंधळ घालायला कुठून येणार?

रात्री झोप लागली नाही. ओसरीवर सगळे दाटीवाटीनं आडवे झालो होतो, पाय ठणकत होते. पहाटे दोनच्या सुमारास काकांनी हाक मारली. पायऱ्यांवर इतकी माणसं, की उतरावं लागलं नाही, गर्दीनंच उतरवलं. गोमुखाच्या पाण्याचा हबका तोंडावर घेतला. आत सिंहासन भरलं होतं. आई परत आली होती. वहिनी रडत होती, मीही रडलो. सोयाबीन गेलेला तो शेतकरी मला गर्दीत पुन्हा दिसला नाही. त्यानं सांगितलं असेल.

परतताना एसटीत बसून घाट उतरलो. तुमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी असेल तर माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा गाडी गावाबाहेर ठेवा, आपल्या पुजाऱ्याच्या घरी उतरा आणि नगर परिषदेत जाऊन विकास आराखड्याचा नकाशा मागा. आपलं घर, आपली ओसरी, आपली वाट त्यात कुठं आहे ते बोट ठेवून पाहा. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की तिच्यावर हरकत घ्यायला 30 दिवस मिळतात, आणि ती हरकत फक्त तिथल्या रहिवाशानंच घ्यावी असं कायद्यात कुठंही नाही. तुम्हीही घेऊ शकता.