एकटीची मुंबई

मैत्रिणींनो, तुम्ही शेवटचा प्रवास कधी आणि कशासाठी केलात, जरा आठवून बघा. लग्न, बारसं, बहिणीचं बाळंतपण, नाहीतर येरमाळ्याची येडाईची यात्रा! आपल्या प्रवासाला नेहमी काहीतरी कारण लागतं आणि पोचल्यावर तिथलं स्वयंपाकघरही लागतं. पाठीवर पिशवी अडकवून शहर बघत हिंडणारी परदेशी मुलं-मुली दिसली की आपण म्हणतो, "यांना बरं, ना घर ना दार!" आणि आपल्या कामाला लागतो.

मी वाशीची. म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीची, नव्या मुंबईतल्या नव्हे. घर सांभाळून एका शाळेत तासिका तत्त्वावर इतिहास-भूगोल शिकवते. मुंबईला मी तीनदा गेले होते. दोनदा लग्नाला आणि एकदा मामंजींच्या ऑपरेशनला. पाहिलं काय, तर मंगल कार्यालयाचा हॉल आणि इस्पितळाचा जिना. मागं एकदा वर्गात मुंबई बंदराचा धडा चालू असताना एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही समुद्र बघितलाय?" मी म्हटलं, "टॅक्सीच्या काचेतून." वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यावर, मी घरात सांगितलं की चार दिवस मुंबई बघायला जाते. एकटी. तासिकांचे पैसे साठले होते, त्यातून. सासूबाईंनी विचारलं, "तिकडं कुणाकडं?" "कुणाकडंच नाही," म्हटल्यावर त्या गप्पच झाल्या. हे म्हणाले, "मी नेतो की उन्हाळ्यात." गेली बारा वर्षं तो उन्हाळा काही आलेला नाही. मी "नको, मला एकटीनंच जायचंय" म्हटलं, आणि ह्यांनी अबोला धरला. खरं सांगते, त्या रात्री जाऊ नये असंच वाटत होतं. पण आता मागं फिरले तर पुन्हा कधीच विचारायचं धाडस होणार नाही, हेही कळत होतं.

मुलाची सहलीची सॅक घेतली. तीत दोन साध्या साड्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली. एस.टी.नं बार्शी गाठली. २०२३ च्या मार्चपासून आपल्याला एस.टी.त अर्धंच तिकीट आहे, हे विसरू नका. बार्शीहून रात्रीची लातूर-मुंबई गाडी, आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस.

त्या गर्दीत पाय लटपटले. मग स्वतःलाच म्हटलं, येडाईच्या यात्रेत काय कमी गर्दी असते? बाहेर येऊन समोरच्या फुटपाथवरून स्टेशनकडे नीट बघितलं. १८७८ मध्ये काम सुरू होऊन १८८८ मध्ये पुरी झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा म्हणून गणली जाते. हे मी मुलींना दरवर्षी सांगते. पण घुमटावर एक बाई उभी आहे, हे मला कुठं ठाऊक होतं? उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी चाक. तिचं नाव 'प्रगती'. एवढ्या उंचावर, एकटी! मला जरा धीर आला.

उतरले एका महिला वसतिगृहात. खोली आधीच फोनवरून ठरवली होती. दुपारी खानावळीत पोऱ्या म्हणाला, "ताई, काय देऊ?" आणि बघा गंमत, मला पटकन सांगताच येईना. मुलांना काय आवडतं, ह्यांना काय चालतं, सासूबाईंना काय सोसतं, सगळं तोंडपाठ. पण मला काय हवंय? चांगली पाच मिनिटं लागली. शेवटी थालीपीठ आणि ताक मागवलं, नि गरम गरम, बसून, सावकाश खाल्लं.

दुसरा दिवस पायी. स्टेशनपासून वीसेक मिनिटांवर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं पैसे दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं. १८७८ मध्ये तो पुरा झाला. पुढे वस्तुसंग्रहालय, आणि तिथून जवळच गेट वे. त्या कमानीखाली उभी राहून मी तारखा जुळवत होते. ४ डिसेंबर १९२४ ला ती खुली झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण तिथूनच बोटीवर चढली. मनात आलं, त्या दिवशी आमच्या मराठवाड्यात अजून निजामाचं राज्य होतं! आम्ही सुटलो १७ सप्टेंबरला. दोन्ही तारखा वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिल्या, पण शेजारी शेजारी कधी ठेवल्या नव्हत्या. समुद्र तर पायरीशीच होता. तासभर बसले तिथं. कुणी "चला, उशीर होतोय" म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी लोकल. हार्बरच्या फलाटावर इंडिकेटरवर चक्क 'वाशी'! १९९२ पासून तिथं लोकल जाते. बायकांच्या डब्यात शिरले तर एकीनं विचारलं, "कुठे उतरणार?" मला वाटलं चौकशी करतेय, पण तिला माझी जागा हवी होती. तिथली रीतच तशी. उतरणारीची जागा आधीच सांगून ठेवायची, आणि तिघींच्या बाकावर चौथीनं टेकायचं. समोरची एकजण भेंडी चिरत होती, दुसरी डोळे मिटून जप करत होती. "वाशीच्याच का?" "हो, पण आमची वाशी दहा तासांवर आहे." भेंडीवालीनं चिरणं थांबवलं. "एकट्या आलात? नुसतं बघायला?" मी मान हलवली. ती म्हणाली, "वीस वर्षं या गाडीनं जाते, ताई. नुसतं बघायला मी गेट वेला पण गेले नाही हो." यावर काय बोलावं मला सुचेना. मी तिला कुंथलगिरीचा पेढा दिला.

घरी आले तर घर जागेवर होतं. मुलानं भाताचा कुकर लावायला शिकून घेतलं होतं. ह्यांचा अबोला सुटायला आठवडा लागला, तोही पुरता सुटलाय असं म्हणवत नाही. सासूबाई मात्र तिसऱ्या दिवशी शेंगा फोडता फोडता हळूच म्हणाल्या, "ती मशालवाली बाई खरंच हाय का गं तिथं?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझे गुडघे चांगले होते तवा कुणी इचारलं नाही."

तेव्हा मैत्रिणींनो, गुडघे चांगले आहेत तोवर निघा. मुक्काम आधी ठरवा, पैसे दोन ठिकाणी ठेवा, रेल्वेचा १३९ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर पाठ करा, अंधाराआधी खोलीवर या. घारापुरी बघायची असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. मुंबई लांब वाटली तर आधी सोलापूर करा. आणि कुणी "कुणाकडं?" म्हणून विचारलं, तर "शहर बघायला" एवढंच सांगा. तेवढं कारण पुरतं.