रॉड गेला म्हणून ओव्हन जात नाही

प्रिय बयो,

तुझा मेसेज वाचला. ‘ओव्हन दगा देतोय. दुरुस्त करू की नवा घेऊ? एका शब्दात सांग.’ एका शब्दात सांगायला मी काय ज्योतिषी आहे? आणि सांगता आलं असतं तरी मी तेवढ्यावर थांबले नसते, हे तुला शाळेपासून माहीत आहे. तेव्हा चहा घेऊन बस.

आधी मला सांग, दगा देतोय म्हणजे नेमकं काय करतोय? तापतच नाही, उशिरा तापतो, एका बाजूने करपवतो, की सुरू केला की घरातली वीजच घालवतो? आपण सगळ्यालाच ‘बिघडला’ म्हणतो आणि त्याच दमात नव्याच्या किमती बघायला लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की कुठला भाग गेलाय ते कळेपर्यंत नव्याचं नावही काढायचं नाही.

आमच्याकडे यावरून महाभारत झालं. माझा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, तुला आठवत असेल, ओट्याच्या कोपऱ्यात बसलेला काळा खोका. पावसाळाभर मी त्याला हात लावला नव्हता. दिवाळीच्या तोंडावर नानकटाईसाठी लावला, तर करंट झिरपला की वीज तोडणारा ईएलसीबीच पडला आणि घर अंधारात. यांनी जागच्या जागी निकाल दिला, ‘गेला. नवा घेऊ.’ सूनबाईंनी मोबाइलवर एक्स्चेंज ऑफर उघडूनही दाखवली. जुना द्या, नवा घ्या, वर केकचे साचे फुकट! साचे माझ्याकडे आधीच इतके आहेत की भांड्यांच्या कपाटाचं दार लागत नाही.

आमचा इलेक्ट्रिशियन मात्र हसला. म्हणाला, पावसाळ्यानंतर निम्म्या पुण्याचे गीझर आणि ओव्हन असेच रुसतात. कारण ऐक, गमतीचं आहे. ओव्हनचा रॉड म्हणजे वरून स्टीलची नळी आणि आत नायक्रोमच्या तारेची स्प्रिंग. तार नळीला चिकटू नये म्हणून मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता पोचवते आणि वीज अडवते, पण दमट हवेत टोकांकडून ओल ओढून घेते. मग थोडा करंट नळीत झिरपतो आणि ३० मिलिअँपिअरवर पडणारा ईएलसीबी आपलं काम चोख बजावतो. म्हणजे ओव्हन मेला नव्हता, ओलावला होता. त्याने रॉड काढून नेले, दुकानात सुकवले, मीटर लावून गळती तपासली आणि परत बसवले. काही महाभाग अशा वेळी ईएलसीबीच बायपास करून घेतात. त्यांच्याबद्दल मी पत्रात लिहू शकत नाही, फोनवर सांगेन.

या वेळी वीज गेली नाही, पण नानकटाई खालून तपकिरी आणि वरून पांढरीफटक निघाली. स्वयंपाकघरातले दिवे घालवून काचेतून पाहिलं, तर खालचे दोन्ही रॉड लालबुंद आणि वरचे दोन्ही ठार काळे. दोन रॉड एकाच दिवशी कसे जातील? तर वरची जोडी सिरीजमध्ये जोडलेली होती. दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ जाते, तसं. गेलेला एकच, दुसरा बिचारा त्याच्या नावाने गार पडलेला.

मग सर्व्हिस सेंटरला फोन. तिथल्या मुलाने मॉडेल नंबर विचारला आणि ओव्हन न बघताच म्हणाला, ‘पार्ट येत नाही मॅडम, नवीनच घ्या.’ हे ‘नवीनच घ्या’ मी आता ओळखायला लागले आहे. निम्म्या वेळा त्याचा अर्थ ‘आम्हाला उघडायचा कंटाळा आहे’ असा असतो. इलेक्ट्रिशियनने गेलेला रॉड माझ्या हातात दिला आणि सांगितलं, हाच घेऊन तपकीर गल्लीत जा. लांबी, दोन टोकांची ठेवण आणि वॅट जुळले की झालं, कंपनीचं नाव जुळायची गरज नाही. बुधवारातली ती गल्ली तुला आठवते ना, वायरींची भेंडोळी आणि पंख्यांची पाती लटकलेली? काउंटरवरच्या आजोबांनी रॉड मीटरवर धरला, मान हलवली आणि मागच्या खोक्यातून तसाच दुसरा काढला. काही शे रुपये. चांगल्यापैकी नवा ओटीजी पाच-सात हजारांच्या खाली येत नाही.

तरी मी दुरुस्तीची आंधळी भक्त नाही. पत्रा गंजून भोक पडलं असेल, आतल्या वायरींचं आवरण हात लावताच भुगा होत असेल, किंवा दाराची बिजागरी तुटली असेल आणि तसली कुठेच मिळत नसेल, तर त्या ओव्हनला नमस्कार करून निरोप द्यावा. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासून घ्यायचं, तोवर त्याच्या वाटेला जायचं नाही. आणि सगळं काम डिजिटल बोर्डावर चालत असेल तर माझा उत्साह जरा ओसरतो. रॉड, थर्मोस्टॅट, टायमर हे साधे जीव आहेत, कुणीही जाणकार बदलतो. बोर्ड मात्र त्याच मॉडेलचा लागतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस खुर्ची शोधतो.

काही वेळा तर ओव्हनचा दोषच नसतो. माझ्या भाचीचा ओव्हन ‘मध्येच बंद पडतो’ म्हणून ती विकायला निघाली होती. बघितलं तर १५०० वॅटचा ओव्हन सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये, तोही अ‍ॅडॉप्टर लावून. तो २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर खेचतो, प्लग वितळून तपकिरी झाला होता. सोळा अँपिअरचं सॉकेट बसवलं, प्लग बदलला, संपलं. गावाकडे तिच्या सासरी आणखी वेगळी तऱ्हा. संध्याकाळी व्होल्टेज २०० वर उतरलं की तेवढ्याच वॅटचा ओव्हन जेमतेम सव्वाअकराशे वॅट देतो, कारण व्होल्टेज थोडं घटलं तरी वॅट वर्गाच्या हिशेबाने घटतात. केक बसला की शिव्या मात्र बेकिंग पावडरला.

तापमान खोटं दाखवतो अशी शंका असेल तर साखरेची परीक्षा घे. साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते. फॉइलवर चमचाभर साखर पसरून ओव्हन १७५ ला लाव. पंधरा मिनिटांत वितळायला नको. मग १९० ला लाव, आता वितळायला हवी. काटा नेहमी तेवढाच पुढे किंवा मागे असेल तर दुरुस्तीही नको नि नवाही नको. दारावर चिठ्ठी चिकटव, ‘वीस कमी लावणे’. माझ्या आईने गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनवर सगळे केक केले. त्याला काटा कुठला? झाकणाच्या काचेतून बघायचं नि वासावर ठरवायचं. मोठी दिवाळी असली की तूप-मैदा-पिठीसाखर मळून डबा बेकरीत, आणि भट्टीतून ट्रे बाहेर येईपर्यंत आपण दोघी दारात, आठवतं?

आता तुझ्याकडे वळते. तुझं गणित आमच्यापेक्षा उलटं आहे. इथे माणसाची मजुरी स्वस्त, पण उघडून बघायला तयार होणारा माणूस मिळायला नशीब लागतं. तुझ्या टोरांटोत माणूस दारात आला की मीटर पडलंच. म्हणून लोक म्हणतात, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त झाला की नवा घ्यावा. नियम वाईट नाही, पण नवा आणून बसवायचे, जुना उचलून न्यायचे पैसे त्यात कुणी धरत नाही. तुमच्याकडे रिपेअर कॅफे भरतात हेही ऐकून आहे. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका बाईंनी सुरू केले आणि जगभर पसरले. टोस्टर घेऊन जा खुशाल, पण तीस इंची गॅस रेंज काखेत मारून कशी नेणार तू?

तुझा गॅसचा ओव्हन ‘उशिरा तापतो’ असं तू मागे म्हणाली होतीस. तसं असेल तर माझा संशय इग्नायटरवर आहे. तो आधी लाल होतो आणि पुरेसा करंट खेचला की मगच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. म्हातारा झाला की लाल दिसतो, पण करंट कमी खेचतो, म्हणून ज्योत यायला वेळ लागतो. खालचं झाकण काढून बघता येत असेल तर बघ. दीड मिनिटाहून जास्त नुसता लाल राहिला तर बहुधा तोच गुन्हेगार, आणि तो बदलणं म्हणजे ओव्हन बदलणं नव्हे. स्वतः मात्र तो बदलायला जाऊ नकोस. ओंटारिओत गॅसच्या कामाला परवानाधारक तंत्रज्ञच लागतो. गॅसचा वास आला तर ओव्हन बंद करून घराबाहेर पड आणि गॅस कंपनीला फोन कर, मला नंतर.

आणखी एक. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात ‘सेल्फ-क्लीन’ लावायचा मोह होतो, तो आवर. त्यात ओव्हन जवळजवळ ४८० अंशांपर्यंत जातो आणि थर्मल फ्यूज उडायला तेवढं निमित्त पुरतं. पाहुणे दारात नि टर्की कच्ची. सोडा-व्हिनेगर लावून हाताने घास, दंडालाही व्यायाम.

दार उघडलंस की चौकटीवर एक छोटं स्टिकर दिसेल. त्यावरच्या मॉडेल नंबरचा फोटो पाठव आणि सुरू केल्यापासून ज्योत यायला किती सेकंद लागतात ते मोजून लिही. तंत्रज्ञाला फोन करशील तेव्हा ‘ओव्हन बिघडलाय’ म्हणू नकोस, हे दोन आकडे सांग. तो येताना पार्ट घेऊन येईल आणि एकाच फेरीचे पैसे पडतील.

तुझीच,
बोलघेवडी

ता. क. वरचा रॉड बसल्यावर नानकटाई झकास झाली. यांनी खाताना ‘नवा’ हा शब्द काढला नाही. सूनबाई मात्र आता एअर फ्रायर बघते आहे.