मयुरेश्वरची हरणं आणि काकूंची पिशवी



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची एक दिवसाची सहल झाली. सफारी म्हटलं की आपल्याला आफ्रिका आठवते, नाहीतर ताडोबा. पण पुण्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे. सोलापूर रस्त्याने चौफुल्याला वळायचं, मोरगावच्या अलीकडेच ते लागतं. क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. 1997 साली ते चिंकारा हरणांसाठी जाहीर झालं.

प्राणी दिसतात पहाटे, म्हणून आम्ही साडेचारला निघालो. थंडीत सूर्योदय सातच्या सुमाराला, म्हणजे नवकारशी येते आठच्या आसपास. तोवर कुणी डबा उघडला नाही. उकळलेलं पाणी, थेपले, खाखरे, मुगाची चटणी, सगळं पिशव्यांतच. संध्याकाळी चौविहाराआधी घरी पोहोचायचं, हेही आधीच ठरलं होतं.

आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकूंनी मात्र आणखी एक पिशवी आणली होती. भिजवलेले हरभरे, गूळ आणि रात्री उशिरापर्यंत बसून केलेल्या पोळ्या. हरणांसाठी. फाटकावरच वनरक्षकांनी हात जोडले. "आजी, हे आत नेता येणार नाही."

काकूंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "अरे बाळा, मुक्या जीवाला घास द्यायला आले मी. रिकाम्या हाताने जीवदया कशी करायची?"

तो शांतपणे म्हणाला, "खाऊ मिळाला की हरीण गाडीजवळ यायला लागतं. मग रस्त्यावर येतं. तिथे गाड्या असतात, गावची कुत्री असतात. आणि त्याला पोळीची गरज नाही. ते बोरीचा, बाभळीचा पाला खातं. पाल्यातल्या ओलाव्यावर कितीतरी दिवस पाण्याशिवाय राहतं."

काकू गाडीत बसल्या, पण मन काही मानेना. त्यात कुणीतरी विचारलं, इथे लांडगा आहे का? आहे. काकू लगेच म्हणाल्या, "म्हणजे लांडगा हरणावर धावला तर आपण नुसतं बघायचं?"

प्रश्न सोपा नाही मैत्रिणींनो. आपल्यापैकी प्रत्येकीच्या पोटात तो कालवतो. लांडगाही पंचेंद्रिय जीवच. त्यालाही पिल्लं असतात. हरणासाठी त्याला उपाशी मारणं हीही हिंसाच, आणि त्याला खाऊ घालायला आपण काय देणार? मला वाटतं, त्यांच्या कर्माचा न्याय करायला आपल्याला कुणी बसवलेलं नाही. आपल्या हातात आपल्याकडून होणारी हिंसा थांबवणं आहे.

त्या वेळी मला उत्तराध्ययन सूत्रातलं अठरावं अध्ययन आठवलं. कांपिल्य नगरीचा संजय राजा शिकारीला निघतो. त्याने मारलेलं हरीण जिथे पडतं, तिथेच गर्दभाली मुनी ध्यानस्थ असतात. राजा घाबरतो, क्षमा मागतो. मुनी त्याला अभय देतात आणि तूही अभय देणारा हो, असं सांगतात. हरणाला चारा दे, असं सांगत नाहीत. कारण त्या हरणाला माणसाकडून हवं होतं ते एवढंच, की माणसाची भीती वाटू नये.

मी हे काकूंना सांगत होते, तेवढ्यात गाडी थांबली. पिवळ्या गवतात एक मादी आणि तिचं पिल्लू उभं होतं. बारीक शिंगं, तांबूस अंग, शेपटीची सारखी फडफड. तिने आमच्याकडे टक लावून पाहिलं. आम्ही श्वास रोखला. आमच्यासारख्या बारा बायका पाच मिनिटं गप्प बसल्या, हेही नवलच! मग तिने मान खाली घातली आणि शांतपणे पाला खाऊ लागली.

काकू हळूच म्हणाल्या, "शांतिनाथ भगवंतांचं लांछन." आणि त्यांनी हात जोडले.

पिशवीतल्या पोळ्या आणि हरभरे परतताना एका पांजरपोळात दिले. तिथल्या गाईंना माणसाच्या हातचं लागतंच. रानातल्या जीवाला माणूस दूर राहिलेला हवा. दोन्ही जीवदयाच, फक्त जीव पाहून करायची.

तुम्ही गेलात तर मळकट, फिक्या रंगाचे कपडे घाला, सेंटचा वास नको. प्लास्टिक घेऊन जाऊ नका. पायवाट सोडून गवतात पाऊल टाकू नका. तिथे टिटवी, चंडोल यांसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. ईर्यासमिती आपण रोज म्हणतो, ती पाळायला याहून चांगली जागा नाही.

पुढच्या थंडीत पुन्हा जायचं ठरलं आहे. काकूंनी आत्ताच नाव नोंदवलंय.