सोनीची लव

मार्च उजाडला की सोलापुरात भिंती तापायला लागतात आणि आमच्या सोनीची लव सुटायला लागते. सकाळी दार उघडलं की वाऱ्याबरोबर सोप्यातून पांढुरके पुंजके घरंगळत जातात, खाटेखाली जमतात, देवघराच्या उंबऱ्याला अडतात.

सोनी लॅब्रॅडॉर. ही मूळची थंड पाण्यात उतरणारी जात, म्हणून अंगावर केसांचे दोन थर. वरचे राठ केस पाणी अडवतात, आतली दाट लव ऊब धरते. दिवस मोठा होऊ लागला की ही आतली लव झडते. भैरू गावठी, होटगी रस्त्यावर पावसात सापडलेला. त्याचे केस आखूड आणि टोकदार. ते उडत नाहीत, रुततात.

रुततात ते चादरीत. आमच्याकडे चादर म्हणजे सोलापुरी चादर, जाड सुताची, जॅकार्ड मागावर विणलेली. दुपारी दोघंही तिच्यावरच झोपतात, आणि त्यांना तिथून उठवायचं माझ्या मनात कधी आलं नाही. पण भैरूचा केस एकदा उभ्याआडव्या धाग्यांत शिरला की झटकून निघत नाही, धुऊनही निघत नाही. चिमटीत धरून एकेक ओढावा लागतो. अशी एक चादर साफ करताना माझी अख्खी संध्याकाळ गेली आहे.

फूलझाडूनं पुंजके पुढे पळतात. ओल्या फडक्यानं केसांचा दोर होतो आणि फडकं पिळताना तो नळीत जाऊन बसतो. शिवाय आमच्या नळाला पाणी रोज येत नाही, ते काही दिवसांआड येतं. साठवलेल्या पाण्यातलं बादलीभर पाणी केस पुसण्यात घालवायला जीव होत नाही. तेव्हा केस ओढून घेणारं यंत्र, व्हॅक्यूम क्लीनर, घ्यायचं ठरलं.

पहिल्यांदा चूक झाली. दुकानात मी फक्त वॅटचा आकडा पाहिला. १६०० वॅट, म्हणजे सगळं ओढून घेणार, असं वाटलं. फरशी चकाचक झाली. चादरीवरून मात्र तोंड चार वेळा फिरवलं तरी केस जिथल्या तिथे. वॅट म्हणजे मोटर खाते ती वीज. तोंडाशी ओढ किती पोचते ते त्यावरून कळत नाही, हे मला फार उशिरा समजलं.

आमचे आप्पा खुर्चीत बसून बघत होते. त्यांची उमेदीची सारी वर्षं सूतगिरणीत गेली, कार्डिंग खात्यात. ते म्हणाले, ‘‘नुसत्या वाऱ्यानं काय होत नसतंय बाळा. लव आधी सोडवावी लागती, मग वारं तिला नेतंय.’’

मग त्यांनी मला गिरणीतली ब्लो रूम समजावून सांगितली. दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठी आधी दातेरी रुळांनी फोडायच्या, पिंजायच्या. मोकळा झालेला कापूस हवेच्या झोतानं नळातून पुढे न्यायचा. कार्डिंगमध्ये तारेच्या बारीक दातांनी तंतू विंचरायचा. रूळ आणि वारा, दोन्ही लागतात. त्यावरून मला व्हॅक्यूम क्लीनरचीच एक गोष्ट आठवली. अमेरिकेत ओहायोमध्ये जेम्स मरे स्पँगलर नावाचा झाडलोट करणारा माणूस होता. त्याला दम्याचा त्रास. त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र केलं, १९०८ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्या यंत्रातही फिरणारा ब्रश होता. पुढे हूवर कुटुंबानं ते विकत घेऊन जगभर नेलं. आप्पांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. उशीच्या अभ्र्याचं मात्र त्यांना फार कौतुक वाटलं.

दुसरं यंत्र त्यांच्या शब्दावर घेतलं. ब्रशला स्वतःची मोटर असलेलं. हवेवर फिरणारा ब्रशही मिळतो, पण जाड चादरीवर दाबला की तो अडखळतो. उघड्या फरशीवर कडक ब्रश केस उलट उधळतो. तिथे तो बंद करता यावा किंवा मऊ रूळ लावता यावा. रूळ हातानं काढता आला पाहिजे, कारण लांब केस त्याला गुंडाळले जातातच आणि कात्रीनं कापून काढावे लागतात. केसांचं डबडं मोठं हवं. लवेला वजन नसतं, ती फुगते. लहान डबडं एका खोलीतच भरतं. पिशवीचं यंत्र घेतलं तर धूळ परत उडत नाही, पण त्या पिशव्या गावात मिळतात का हे आधी विचारावं.

गाळणीबद्दल मी आग्रही आहे, आणि त्याचं कारण आप्पांची छाती. जन्मभर गिरणीतली तुसं ओढलेला माणूस घरात असताना यंत्रानं मागून धूळ फेकलेली मला चालत नाही. कुत्र्यांची ॲलर्जी खरं तर केसांची नसते. ती त्यांच्या कातडीच्या कोंड्यातून आणि लाळेतून येते, आणि तो कोंडा डोळ्यांना दिसत नाही. खरी हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. यंत्राचे सांधे मात्र घट्ट हवेत, नाहीतर हवा गाळणीला वळसा घालून बाहेर पडते.

सोनी पहिल्या दिवशी आवाजाला भिऊन मोरीत जाऊन बसली. कुत्र्यांना आपल्याला न ऐकू येणारे उंच स्वरही ऐकू येतात. मग आठवडाभर यंत्र बंदच ठेवलं, त्याच्याजवळ कडक भाकरीचे तुकडे टाकले. आता ती उठून बाजूला होते, एवढंच.

आणि रोज सकाळी अंगणात खरारा. बैलाला करतात तसाच, मऊ दातांच्या ब्रशनं, मानेकडून शेपटीकडे. जी लव ब्रशमध्ये येते ती चादरीत जात नाही. उन्हाळ्यात गार वाटावं म्हणून लॅब्रॅडॉरचे केस मुळापासून भादरू नका; ते केस ऊनही अडवतात.

तुम्ही यंत्र घ्यायला निघालात, तर खराऱ्यातले मूठभर केस कागदाच्या पुडीत बांधून घ्या आणि घरातली एक जुनी चादर काखेत मारा. दुकानात ती चादर पसरा, केस तळहातानं तिच्यात चांगले चोळा, आणि यंत्र चालू करायला सांगा.