आधी खांदा, मग मशीन

रेडिएशनच्या खोलीत माझा वेळ मशीनपेक्षा माणसाला नीट निजवण्यात जास्त जातो. स्तनाच्या कर्करोगात तर तंत्रज्ञाचं अर्धं कसब तिथंच लागतं.

पहिलं काम प्लॅनिंग सीटीचं. तिरप्या फळीवर उताणं झोपायचं, दोन्ही हात डोक्यावर आधाराला टेकवायचे. हात खाली राहिला तर किरणांच्या वाटेत येतो. भिंतीवरच्या लेझरच्या रेषा छातीवर जिथं छेदतात तिथं आम्ही खुणा करतो, कधी सुईच्या टोकाएवढे गोंदणाचे ठिपकेही देतो. त्या सीटीवरून डॉक्टर आणि फिजिसिस्ट आराखडा बनवतात. तो त्या एकाच स्थितीचा असतो. पुढं रोज तीच जुळवायची.

आडवा येतो तो खांदा. काखेतल्या गाठी काढल्यावर हात उचलताना ओढ बसते. टाके उसवतील या भीतीनं बाया हात अंगाशी धरून ठेवतात आणि खांदा आखडतो. कळ सोसत वर धरलेला हात हळूहळू सरकतो, त्याबरोबर छातीही हलते. म्हणून मी हातांची ठेवण ठरवताना विचारते, ‘‘ताई, असं रोज जमेल ना?’’ ‘‘सोसेन’’ असं उत्तर आलं, की आधार बदलते.

डाव्या बाजूला श्वासाचीही तालीम असते. खोल श्वास घेऊन रोखला की फुफ्फुस फुगतं आणि बहुतेकींचं हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं. हे घरी पडल्या पडल्या करून पाहता येतं.

पूर्वी पाच आठवड्यांत 25 वेळा यावं लागे. ब्रिटनमधल्या चाचण्यांनंतर तीन आठवड्यांत 15 वेळा ही पद्धत रुळली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीनं काही जणींसाठी ते पाचवर आणलं. खेपा घटल्या तशी प्रत्येक खेपेची मात्रा वाढली. निजण्यातली चूक आता अधिक महाग पडते.

बाकी तयारी साधी: पुढून उघडणारा सैल सुती ब्लाउज, मंगळसूत्र घरी, खुणा घासायच्या नाहीत. या उपचारानं डोक्याचे केस जात नाहीत. बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मोकळीक दिली, की त्याच दिवसापासून भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायला लागा. रेडिएशनच्या तारखेची वाट पाहू नका.